सावंतवाडी ते जुने गोवे : ख्रिस्ती कला दाखवणारी एका दिवसाची सहल

कुडाळ तालुक्यातील एका शाळेत मी एकोणतीस वर्षे मराठी शिकवले आणि जवळजवळ प्रत्येक वर्षी फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’तील मराठीच्या स्तुतीच्या ओव्या मुलांकडून पाठ करून घेतल्या. हरळांत रत्न, फुलांत मोगरी, परिमळांत कस्तुरी आणि भाषांत मराठी, एवढे म्हणून झाले की तास संपत असे. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या त्या ग्रंथात या मोजक्या ओव्या सोडल्यास दुसरे काय आहे, हे मी मुलांना कधी सांगितले नाही, कारण ते मला स्वतःलाच धड ठाऊक नव्हते. निवृत्तीनंतर सावंतवाडीहून जुन्या गोव्याकडे निघणाऱ्या एका अभ्याससहलीत मी नाव नोंदवले ते बरेचसे या ओशाळेपणामुळे, आणि पुढील मजकूर त्या सहलीचे परीक्षण आहे.

ही सहल एक तरुण दांपत्य चालवते. पावसाळा सोडून महिन्यातून दोनदा, सोमवार आणि रविवार टाळून, चौदा आसनांची गाडी पहाटे साडेपाचला मोती तलावाच्या काठावरून सुटते आणि रात्री आठच्या सुमारास परत येते. माणशी दोन हजार दोनशे रुपयांत प्रवास, सकाळची न्याहारी, दुपारचे जेवण, प्रवेशशुल्क आणि बत्तीस पानांची एक पुस्तिका मिळते. गाडी बांदा, पत्रादेवी आणि म्हापसा या नेहमीच्या रस्त्याने जाते. आयोजकांचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि अशा लहान व्यवसायाला छापील तक्रार फार काळ चिकटून राहते.

या सहलीचे खरे भांडवल म्हणजे तिच्या मार्गदर्शक बाई. त्या बार्देशातील आहेत, कोंकणी त्यांची घरची भाषा आहे आणि मराठी त्या आपल्यापैकी अनेकांपेक्षा नेटके बोलतात. गोव्यातील सहलींचा शिरस्ता असा की गाडी पणजीच्या पुलाजवळ आली की मार्गदर्शक वास्को द गामापासून सुरुवात करतो. बाईंनी पत्रादेवीलाच सुरुवात केली आणि तीही गोव्यापासून केली नाही, तर रोममधील जमिनीखालच्या दफनभुयारांपासून केली. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात त्या भुयारांच्या छतांवर खांद्यावर मेंढरू घेतलेला एक बिनदाढीचा तरुण रंगवलेला आढळतो. तो येशू आहे, कारण योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू स्वतःला चांगला मेंढपाळ म्हणवतो. पण चित्राचा साचा मात्र ख्रिस्ती नाही. खांद्यावर मेंढा घेतलेला पुरुष ग्रीक शिल्पांत त्याआधी कित्येक शतके उभा होता आणि ख्रिस्ती चित्रकारांनी तो जसाच्या तसा उचलला. ‘विषय पॅलेस्टाइनचा, अंगरखा जिथल्या तिथला,’ असे बाई म्हणाल्या, आणि दिवसभर त्या हेच एक सूत्र धरून बोलत राहिल्या. मागच्या आसनावरील एका गृहस्थांनी आपल्याकडचे धनगरही दमलेले कोकरू असेच खांद्यावर टाकून उतरतात, अशी भर घातली, तेव्हा बाईंनी त्यांना ते वाक्य संध्याकाळपर्यंत लक्षात ठेवायला सांगितले.

बॉम जेझू बॅसिलिकेत आम्ही साडेआठला पोहोचलो, म्हणजे गर्दीच्या पुष्कळ आधी. १५९४ ते १६०५ या काळात बांधलेल्या या वास्तूचा गिलावा विसाव्या शतकात काढण्यात आला, त्यामुळे जांभा उघडा पडलेला आहे, आणि कोकणी माणसाला हे चर्च परके वाटत नाही याचे निम्मे कारण तो जांभा असावा. दर्शनी भागाच्या कोरीव कामासाठी मात्र वसईकडचा काळा दगड जहाजाने आणला होता. आत सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या समाधीशी सगळे प्रवासी मान वर करून उभे राहतात आणि निघून जातात. बाईंनी आम्हाला तेथे वीस मिनिटे थांबवले आणि दोन वस्तू वेगळ्या करून पाहायला लावल्या. खालचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सचा आहे. तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो द मेदिची याच्या देणगीतून जोव्हानी बातिस्ता फोजिनी या शिल्पकाराने दहा वर्षे खपून तो घडवला आणि १६९८ साली तो येथे उभारला गेला. त्यावरची चांदीची पेटी मात्र त्याहून साठ वर्षे जुनी आणि गोव्यातील सोनारांनी १६३६-३७ साली घडवलेली आहे. ब्राँझच्या इटालियन फलकांत माणसे धावतात, वळतात, एकमेकांवर कोसळतात. वरच्या चांदीवर झेवियर यांच्या चरित्रातील प्रसंग लहान लहान चौकटींत ओळीने बसवले आहेत, जसे आपल्याकडे देवळाच्या प्रभावळीवर किंवा मखरावर बसवतात. बाईंनी यातले श्रेष्ठ कोणते ते सांगितले नाही. माझे मत विचाराल तर चौकटींची ती पेटी अधिक वेळ पाहावीशी वाटते, कारण ती वाचता येते.

सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चमधील लाकडावर रंगवलेले संतचरित्राचे फलक आणि से कॅथेड्रलमधील मुख्य वेदी यांना मिळून पाऊण तास दिला गेला. कॅथेड्रल सेंट कॅथरीनला अर्पण केलेले आहे, कारण पोर्तुगीज सेनापती आल्बुकेर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी, म्हणजे तिच्या सणाच्या दिवशी, गोवे जिंकले. वेदीच्या सोनेरी फलकांवर तिच्या हौतात्म्याची कथा कोरलेली आहे. अलेक्झांड्रियाची ही विदुषी, राजाने बोलावलेल्या पंडितांना वादात हरवणारी आणि काटेरी चाकावर घालूनही न मरणारी, मध्ययुगीन युरोपात चित्रकारांची मोठी लाडकी होती. तिच्या शेजारी चाक दिसले की ती ओळखायची, जसे हातात वीणा दिसली की सरस्वती. या ठिकाणी बाईंनी घाई केली आणि ती योग्यच केली, कारण खरा वेळ त्यांना पुढे हवा होता.

तो वेळ सांता मोनिका मठातील ख्रिस्ती कला संग्रहालयात गेला. संग्रहालय मुळात १९९४ साली राशोलच्या सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या विद्यालयात, सुरू झाले, २००२ साली जुन्या गोव्यात आले आणि मोठ्या दुरुस्तीनंतर २०२२ साली पुन्हा उघडले. ज्या वास्तूत ते आहे तो मठ १६०६ ते १६२७ या काळात बांधलेला, आशियातील पहिला मोठा स्त्रीमठ. आतील मांडणी आणि प्रकाशयोजना उत्तम आहे. सहलीने येथे दीड तास ठेवला आहे आणि माझ्या मते संपूर्ण शुल्क या दीड तासातच वसूल होते.

हस्तिदंताच्या एका लहान मूर्तीपुढे आम्ही पंचवीस मिनिटे उभे होतो. सतराव्या शतकात गोव्यात अशा मूर्ती मोठ्या संख्येने घडल्या. हस्तिदंत पूर्व आफ्रिकेतून पोर्तुगीज जहाजांतून येत असे आणि नमुना म्हणून बहुधा युरोपातील छापील धार्मिक चित्रे कारागिरासमोर ठेवली जात. मूर्तीत एक डोंगर आहे, त्यावर झरा, झऱ्यावर पाणी पिणारी मेंढरे आणि पाखरे, सर्वांत खाली गुहेत पहुडलेली येशूची शिष्या मारिया माग्दालेना, आणि शिखरावर मेंढीच्या कातड्याचा अंगरखा घातलेला बाळ येशू. त्याने गाल हातावर टेकवला आहे आणि डोळे मिटले आहेत. मालवणहून आलेल्या आजोबांनी न राहवून विचारले, ‘बाय, ह्यो देव निजलो कशाक?’ प्रश्न साधा होता, पण आम्ही सगळे तेथे अडलो होतो, कारण कळप राखणारा झोपतो कसा हे कोणालाच उमगत नव्हते. बाईंनी बायबलच्या जुन्या करारातील गीतरत्नाचा आधार दिला, जिथे झोपले असतानाही हृदय जागे असल्याचे म्हटले आहे. त्या मिटल्या डोळ्यांत काही अभ्यासकांना ध्यानस्थ बुद्धाची छाया दिसते, हेही त्यांनी सांगितले, मात्र ते सिद्ध झालेले नाही असे लगेच बजावले. युरोपात मेंढपाळ येशूची चित्रे हजारो असतील, पण डोंगरमाथ्यावर डोळे मिटून बसलेला हा बाळमेंढपाळ ओळखावा तो गोव्याच्या हस्तिदंतकामाचा म्हणून. धनगराचे वाक्य बोलणारे गृहस्थ मूर्तीजवळून हलायला तयार नव्हते.

दुसरी वस्तू पेलिकनच्या, म्हणजे आपल्याकडे झोळीवाला म्हणतात त्या पक्ष्याच्या, आकाराचे चांदीचे पूजापात्र. हा पक्षी चोच छातीवर दाबून पिल्लांना भरवतो, आणि त्यावरून तो स्वतःची छाती फोडून रक्त पाजतो अशी समजूत युरोपात फार जुनी आहे. ती क्रूसावरील येशूला लावली गेली, तेराव्या शतकात सेंट थॉमस अक्विनास यांच्या लॅटिन स्तोत्रात आली आणि तेथून वेद्यांवर, खिडक्यांवर, वस्त्रांवर पसरली. गोव्यात पोहोचेपर्यंत तिचे वय हजार वर्षांहून अधिक झाले होते. ज्या सोनाराने हे पात्र घडवले त्याने अक्विनास वाचला नसणार, पण पक्षी घडवताना त्याचा हात कुठेही अडखळलेला नाही.

हे कारागीर कोण होते, हा प्रश्न बाईंनी स्वतःच काढला. १५६७ साली गोव्यात भरलेल्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती मूर्ती व चित्रे बिगरख्रिस्ती कारागिरांकडून करून घेण्यास बंदी केली होती. बंदी करावी लागली याचाच अर्थ काम त्यांच्याकडे जात होते, आणि पुढच्या शतकातील कामे पाहता ते थांबले असेल असे वाटत नाही. गोव्यातील काही चर्चांमध्ये प्रवचनाच्या लाकडी मंचाखाली शेपटीचे वेटोळे असलेल्या नागिणी भार पेलताना दिसतात. आमच्या सावंतवाडीच्या चितारआळीत लाखकाम करणाऱ्या माणसाला युरोपीय देवदूत रंगवायला दिला तर त्याचे डोळे दशावतारी गंजिफ्यातील होतील, तसाच हा प्रकार आहे.

या ठिकाणी एका गोष्टीबद्दल आयोजकांचे आणि बाईंचे स्पष्ट कौतुक केले पाहिजे. तिसवाडी, बार्देश आणि साष्टी येथील देवळे पाडली गेली, मंगेशी कुठ्ठाळीहून प्रियोळला आणि शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला नदीपार नेली गेली, १५६० पासून इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, माणसांना छळले, हे सर्व त्यांनी कोठेही मऊ न करता सांगितले. काही सहलींत हे वगळले जाते, काहींत याशिवाय दुसरे काहीच सांगितले जात नाही. बाईंनी ते सांगितले आणि त्याच दमात ‘ख्रिस्तपुराणा’कडे वळल्या, आणि तेथे मला माझे एकोणतीस वर्षांचे अज्ञान दिसले.

मठाच्या सावलीत बसून त्यांनी वाचन घेतले. स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट, म्हणजे येशूसंघाचे पाद्री; १५७९ साली गोव्यात आले आणि १६१९ साली वारले, मधली चाळीस वर्षे बहुतेक साष्टीत राहिले. १६१६ साली राशोलला छापलेल्या त्यांच्या ग्रंथात पहिले पुराण जुन्या कराराचे आणि दुसरे येशूच्या चरित्राचे आहे. ग्रंथाच्या आत प्रसंग असा रचला आहे की धर्मांतरित झालेला एक ब्राह्मण पाद्रीला म्हणतो, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी वाचायला काहीतरी द्या. म्हणजे हा ग्रंथ बंदीच्या पोकळीत उभा राहिला आहे आणि ती पोकळी कवीने लपवलेली नाही. सुरुवात नमनाने होते, छंद ज्ञानेश्वर-एकनाथांचा आहे, स्वर्गाला वैकुंठ म्हटले आहे. बाईंनी बेथलेहेममधील जन्माच्या ओव्या पोथी वाचावी तशा चालीवर म्हटल्या आणि आमच्यातील दोन वयस्क स्त्रिया नकळत माना डोलावू लागल्या. तासाभरापूर्वी पाहिलेली हस्तिदंताची मूर्ती आणि ही ओवी या एकाच कामाच्या दोन बाजू आहेत, एकीत विषय परका आणि हात इथला, दुसरीत हात परका आणि भाषा इथली, हे त्या क्षणी कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नाही. मी वर्गात शिकवत होतो ती मराठीची स्तुती या सगळ्यातून सुटी काढलेली एक पाकळी होती.

आता पुस्तिकेविषयी. कागद चांगला आहे, छायाचित्रे स्वच्छ आहेत, मजकूर मात्र निष्काळजीपणे तपासला आहे. बॉम जेझूला एका पानावर कॅथेड्रल, म्हणजे बिशपचे मुख्य चर्च, म्हटले आहे, जे ते नाही. कॅथेड्रल समोरचे से. अधिक गंभीर चूक अशी की ‘ख्रिस्तपुराणा’तील ओव्या देवनागरीत देताना मूळ ग्रंथ रोमन लिपीत छापला होता याचा उल्लेखच नाही. गोव्यात छापखाना १५५६ पासून होता, पण देशी लिपीचे खिळे नव्हते. ते पाडावेत अशी इच्छा स्टीफन्स यांनी १६०८ च्या पत्रात व्यक्त केली होती आणि ती अपुरी राहिली. पोर्तुगीज वळणाच्या रोमन अक्षरांत मराठी ओव्या छापल्या गेल्या ही या ग्रंथाच्या कथेतील सर्वांत हृद्य गोष्ट आहे. पहिल्या तीन आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. १९०७ साली मंगळूरला चौथी आवृत्ती निघाली तीही रोमनमध्येच, आणि शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती पुण्यात १९५६ साली आली. चार ओळींत हे मावले असते.

जेवण एका घरगुती खानावळीत होते. हुमण आणि सोलकढी चांगली होती, शाकाहारी मंडळींना मात्र बटाट्याच्या भाजीवर भागवावे लागले, आणि दोन हजार दोनशे रुपयांत एखादे खतखते करायला हरकत नव्हती.

मोठी तक्रार वेळापत्रकाची आहे. जाहिरातीत आठ ठिकाणे लिहिली आहेत, त्यांत राशोलची सेमिनरी आणि परतीच्या वाटेवरील पर्वरीचे झेवियर सेंटर ही इतिहास-संशोधन संस्था ही दोन्ही आहेत. राशोल साष्टीत आहे, जुन्या गोव्याहून दक्षिणेकडे बरेच दूर, आणि सावंतवाडीला रात्री आठला परतायचे असेल तर एका दिवसात हे जमणार नाही हे नकाशा पाहणाऱ्या कोणालाही कळेल. दुपारी तीन वाजता राशोल रद्द झाल्याचे सांगण्यात आले. मी ज्या गावासाठी नाव नोंदवले होते ते हेच गाव. पर्वरीला आम्ही पोहोचलो तेव्हा आत जाण्याइतका वेळ उरला नव्हता. त्यामुळे तेथे असलेली चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांची चित्रे बाईंनी गाडीतच छापील प्रतींवरून दाखवली.

फोन्सेका यांच्यावर एक वाक्य टाकून पुढे जाणे मात्र अन्यायाचे होईल. १९०२ साली सांत इस्तेव्ह बेटावर जन्मलेला हा चित्रकार शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्याजवळ शिकला आणि परतल्यावर त्याने मरियेला साडी नेसवली, पायांत पैंजण नव्हे तर अनवाणीपण दिले, येशूच्या भोवती ओसरी आणि समई आणली. गोव्यातील त्याच्या स्वकीयांना हे रुचले नाही, आणि त्याचे पुढचे आयुष्य बव्हंशी पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाशी जोडलेले राहिले. १९६७ साली तो वारला. तीनशे वर्षांपूर्वी हस्तिदंत कोरणाऱ्याने जे न सांगता केले तेच याने सांगून केले आणि म्हणून त्याला विरोध झाला, असे माझे मत झाले आहे. मावळत्या उजेडात, हलत्या गाडीत, हातोहात फिरणाऱ्या प्रतींवरून ही चित्रे पाहावी लागली याचा राग मला अजून आहे. याच प्रवासात रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे नारायण वामन टिळक आणि त्यांचे अपुरे राहिलेले व लक्ष्मीबाईंनी पुढे नेलेले ‘ख्रिस्तायन’ यांचा उल्लेख आला, पण तो म्हापशाच्या वाहतूककोंडीत बुडाला.

परतल्यावर मी आयोजकांना दोन सूचना लिहून पाठवल्या. पहिली अशी की आठ ठिकाणांच्या जाहिरातीऐवजी बॉम जेझू, संग्रहालय, मठातील वाचन आणि पर्वरी अशी चारच ठेवावीत. दुसरी अशी की राशोलची वेगळी, मुक्कामाची सहल करावी आणि तेथे ‘ख्रिस्तपुराणा’चे सलग वाचन ठेवावे. पहिल्या सूचनेवर विचार करू असे उत्तर आले. दुसरीवर त्यांनी दिवाळीनंतरची एक तारीख कळवली आणि राशोल रद्द झाल्याबद्दल माणशी तीनशे रुपये परत केले, हेही नोंदवले पाहिजे.

ज्यांना एका दिवसात जास्तीत जास्त चर्चांपुढे छायाचित्रे काढायची आहेत त्यांनी या सहलीला जाऊ नये. एका मूर्तीपुढे पंचवीस मिनिटे उभे राहणे त्यांना शिक्षा वाटेल. गुडघे दुखणाऱ्यांनी घडीचे स्टूल बरोबर न्यावे, चर्चमध्ये शिरताना खांदे आणि गुडघे झाकले जातील असा पोशाख असावा, आणि नाव नोंदवताना गाडीत मार्गदर्शक म्हणून त्याच बाई आहेत ना, हे विचारून घ्यावे. दिवाळीनंतरच्या फेरीसाठी मी नाव दिले आहे. मालवणच्या आजोबांनीही दिले आहे, आणि ग्रंथालयातून बंडेलूंची प्रत मी आणायची असे आमचे ठरले आहे.